अपंगांची वाट आणि समाजाचे कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात भंडारा येथे केलेले भाषण)



कार्यवाहांनी आम्हांस ‘प्रवास व प्रेक्षणीय स्थळे’ या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले आहे. आम्ही आयुष्यभर हाती खडू धरलेला माणूस. कोणताही पाठ सुरू करण्यापूर्वी हजेरी घ्यावयाची, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. म्हणून आजच्या सभेचीही हजेरी आम्ही मनाशी घेतली. या मंडपात अदमासे एक हजार मंडळी जमली आहेत. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख व्यक्तींची नोंद अपंग म्हणून झाली. हे प्रमाण शेकडा २.२१ पडते. भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या त्या वर्षी १२ लाखांच्या थोडी वर होती. देशाचे प्रमाण येथे लावले, तर जिल्ह्यात सुमारे साडेसव्वीस हजार आणि या मंडपात बावीस अपंग बंधुभगिनी असावयास हव्यात. आमच्यासह आम्हांस तिघे दिसले. मग उरलेले एकोणीस कोठे आहेत?

ते घरी आहेत. त्यांना कोणी ‘येऊ नका’ असे म्हटले नाही, हे खरे. परंतु ‘तुम्ही कसे याल?’ असेही कोणी विचारले नाही. या दोन वाक्यांमध्ये जे अंतर आहे, तोच आमच्या आजच्या भाषणाचा विषय होय.

प्रथम अपंगत्व म्हणजे काय, याचा थोडा विचार करू. आमचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला. आपल्या मोहाडी, आंधळगाव, पवनीकडील विणकर घरांत खड्ड्याच्या मागावर बसणाऱ्यास दोन्ही पायांनी पावड्या दाबाव्या लागतात, हे या सभेत सांगावयास नको. आमचा एक पाय त्या कामास येईना, म्हणून वडिलांनी आम्हांस शाळेत घातले. पुढे आम्ही मॅट्रिक झालो, शिक्षक झालो आणि त्याच पायावर सारी नोकरी केली. पाय तोच, मागाच्या खड्ड्यात तो निकामी ठरला, आणि फळ्यासमोर त्याची आठवणही कोणास होईनाशी झाली. यावरून आम्ही एक गोष्ट शिकलो. अपंगत्वाचा काही भाग माणसाच्या शरीरात असतो आणि काही भाग तो ज्या जागेत वावरतो त्या जागेत असतो. पहिला भाग वैद्याच्या हाती. तोही कधी असतो, कधी नसतो. दुसरा भाग मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.

कोणी म्हणेल, पोलिओ आता राहिला नाही, मग हा प्रश्न उद्या आपोआप मिटेल. आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारत पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. ही फार मोठी गोष्ट होय. तथापि पोलिओ गेला म्हणून अपंगत्व गेले, असे होत नाही. मोटारींचे अपघात आहेत, मधुमेहाने जाणारे पाय आहेत, अर्धांगवायू आहे, मावळती दृष्टी आहे आणि वार्धक्य तर सर्वांनाच आहे. शिवाय आपल्या विदर्भात सिकलसेल आहे. २०१६ च्या कायद्याने मान्य केलेल्या एकवीस प्रकारच्या अपंगत्वांत त्याचाही समावेश आहे. सिकलसेलचा रुग्ण दिसावयास धडधाकट असतो. परंतु अतिश्रम, थंडी किंवा शरीरातील पाणी कमी होणे यांनी त्याच्या हाडासांध्यांत असह्य वेदना उठतात. उन्हाळ्यातील यात्रेत तो मध्येच खाली बसला, तर ‘तरणाताठा असून बसतो’ म्हणून त्यास हसू नये. त्याला पाणी, सावली आणि टेकावयास जागा हवी असते. उतार किंवा कठडा हे अपंगांच्या गरजांचे एक रूप झाले. पाण्याचा माठ व बाक हेही तितकेच खरे रूप आहे.

आता नावाविषयी. आमच्या लहानपणी आम्हांस लंगडा म्हणत. पुढे शाळेच्या दप्तरात अपंग असा शब्द आला. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचविला आणि तो सरकारी कागदोपत्री रूढ झाला. आपल्या राज्यात २०२२ साली दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभागही स्थापन झाला. शब्द आदराचा असावा, यात शंका नाही. परंतु नाव बदलले म्हणून दारापुढील पायरीची उंची बदलत नाही. आम्हांस कोणत्या नावाने हाक मारावी, याविषयी आमचा हट्ट नाही. हाक मारल्यावर आम्हांस आत येता यावे, एवढेच मागणे आहे.

कायद्याने हे मागणे केव्हाच मान्य केले आहे. १९९५ साली पहिला कायदा झाला. त्याच्या जागी २०१६ चा अधिक व्यापक कायदा आला आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. ३ डिसेंबर २०१५ रोजी केंद्र सरकारने सुगम्य भारत अभियान सुरू केले. इमारती, वाहतूक आणि माहितीची साधने ही सर्वांना वापरता यावीत, हा त्याचा हेतू. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. त्या प्रकरणी १५ डिसेंबर २०१७ रोजी न्यायालयाने सरकारांना मुदती घालून दिल्या. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने असे ठरविले की, सुगमतेचे नियम नुसते मार्गदर्शक असून चालणार नाहीत, त्यांतील किमान गोष्टी बंधनकारकच असल्या पाहिजेत. सांगण्याचे तात्पर्य, उतार बांधणे हा आता दानधर्म राहिलेला नाही. मात्र कायदा दारापर्यंत येतो. दार उघडावयास माणूसच लागतो.

या पार्श्वभूमीवर आपण एक प्रवास मनाने करून पाहू. समजा, भंडाऱ्याच्या एखाद्या अपंग गृहस्थास नागपूरचा अजब बंगला पाहावयाचा आहे. १८६३ साली स्थापन झालेले ते मध्यवर्ती संग्रहालय. आपल्यापैकी बहुतेकांनी ते शाळेच्या सहलीत पाहिले असेल. अंतर सुमारे साठ किलोमीटर. एस. टी. महामंडळ अपंग प्रवाशास साध्या गाडीच्या भाड्यात शेकडा ७५ सवलत देते, आणि अपंगत्व शेकडा ६५ किंवा अधिक असेल तर सोबत्यासही निम्मी सवलत मिळते. ही सोय उपकारक आहे. तिचा लाभ आम्ही कृतज्ञतेने घेतो. परंतु गाडीची पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच, आणि दारात चढणाऱ्यांची रेटारेटी. भाड्यात सवलत मिळाली, पायरीत मिळाली नाही. दृष्टिहीनाची अडचण आणखी वेगळी. गाडीची पाटी त्यास वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक गाडीपाशी ‘ही कोठली?’ असे त्यास विचारावे लागते आणि उत्तर मिळेपर्यंत गाडी हलते. आगगाडीने जावे म्हटले, तर भंडारा रोड स्थानक वरठीला, म्हणजे शहराबाहेर. अनेक गाड्यांना अपंगांसाठी वेगळा डबा असतो. पण तो बहुधा गाडीच्या टोकाला, आणि गाडीचा थांबा थोडक्या मिनिटांचा. कुबड्या घेऊन फलाटाच्या टोकापर्यंत पोहोचावे, तो शिटी होते.

याच प्रवासात एक सुखद भागही आहे, तो सांगितला नाही तर अन्याय होईल. नागपूरची मेट्रो २०१९ च्या मार्चमध्ये सुरू झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये तिच्या पहिल्या टप्प्याचे सर्व मार्ग खुले झाले. तिचे एक टोक प्रजापतीनगर हे आपल्या भंडारा मार्गाच्याच बाजूला आहे. स्थानकात वर जाण्यास उद्वाहक आहे. दृष्टिहीनांच्या काठीला व पायाला कळावी म्हणून जमिनीत उठावाच्या फरशांची रांग बसविलेली आहे. फलाट आणि डबा एका पातळीत असल्यामुळे चाकांची खुर्ची सरळ आत जाते. आम्ही प्रथम त्या गाडीत बसलो, तेव्हा आम्हांस कोणी उचलले नाही, कोणी काखेत हात घातला नाही, कोणी ‘अरेरे’ही म्हटले नाही. इतर प्रवाशांप्रमाणे आम्ही चढलो आणि उतरलो. निरोगी माणसास यात विशेष काही वाटणार नाही. परंतु साठ वर्षे दुसऱ्याच्या खांद्याचा आधार घेऊन गाडीत चढणाऱ्यास ते केवढे वाटते, हे शब्दांत सांगणे कठीण आहे.

तथापि मेट्रोतून उतरल्यावर पुन्हा रस्ता आहेच. पदपथावर उभी केलेली वाहने, उघडी गटारे, मध्येच संपणारा फरशीचा काठ! विणकरांच्या सभेत आहोत, म्हणून आपल्याच भाषेत सांगतो. ताण्यातील एक धागा तुटलेलाच राहिला, तर बाकीचे शेकडो धागे शाबूत असूनही त्याची रेघ कापडभर दिसते. अपंगाच्या प्रवासाचेही तसेच आहे. घराचा उंबरठा, रस्ता, गाडी, स्थानक, प्रवेशद्वार आणि स्वच्छतागृह यांपैकी एक दुवा जरी तुटला, तरी बाकीच्या सर्व सोयी त्याच्यापुरत्या व्यर्थ होतात. स्वच्छतागृहाचा उल्लेख आम्ही संकोच सोडून मुद्दाम केला. आपल्या कितीतरी भगिनी प्रवासात केवळ याच भीतीने दिवसभर पाण्याचा घोट घेत नाहीत. ही गोष्ट त्या बोलून दाखवीत नाहीत, म्हणून आम्ही बोलत आहोत.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. निसर्ग आणि इतिहास यांनी भंडाऱ्यास भरभरून दिले आहे. पवनीस प्राचीन तटबंदी आहे, वैनगंगेचे घाट आहेत. १९६९-७० साली तेथे नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले आणि प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आले. तुमसर तालुक्यात १७०० च्या सुमाराचा आंबागड आहे, चांदपूरचा मारुती आहे, गायमुखची यात्रा आहे. मोहाडीस आपली चौंडेश्वरी माता आहे. पलीकडे नागझिऱ्याचे अरण्य आहे. परंतु या वैभवाची यादी अपंगाच्या नजरेने वाचून पाहा. किल्ला टेकडीवर, मारुती टेकडीवर, घाट म्हणजे पायऱ्यांचीच उतरंड, आणि अरण्यातील उघडी मोटार इतकी उंच की तीत चढावयास धडधाकट माणसासही हात द्यावा लागतो.

मग घरची मंडळी सहलीस निघाली की काय होते? अपंग माणसास एकतर घरी ठेवतात, किंवा प्रेमाने सोबत नेतात आणि टेकडीच्या पायथ्याशी झाडाखाली बसवितात. ‘तुम्ही येथेच बसा, आम्ही दर्शन घेऊन येतो, तेवढ्या चपला आणि पिशव्या सांभाळा.’ बंधुभगिनींनो, या जिल्ह्यातील कितीतरी देवस्थानांच्या पायथ्याशी आम्ही चपला सांभाळल्या आहेत. नेणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नव्हता; उलट प्रसाद आणून प्रथम आमच्याच हातावर ठेवीत. परंतु देवदर्शनास आलेला माणूस आणि चपला राखण्यास आलेला माणूस यांत फरक असतो, आणि तो लहान मुलासही कळतो.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, प्राचीन वास्तूंना हात लावता येत नाही. ही गोष्ट खरी. पण अर्धीच खरी. २००१ च्या जानेवारीत जगद्विख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीस आले होते. ते चाकांच्या खुर्चीवर असत. त्यांना कुतुबमिनार, जंतरमंतर पाहता यावे म्हणून तेथे लाकडी उतार उभारण्यात आले. मिनाराची एक वीटही त्यासाठी हलली नाही. ग्रीस देशातील अथेन्स येथे उंच खडकावर अक्रोपोलिस नावाची अडीच हजार वर्षांपूर्वीची मंदिरे आहेत. २००४ साली तेथे अपंगांसाठी उद्वाहक बसविला गेला, आणि २०२० साली त्याच्या जागी नवा अधिक चांगला आला. जेथे इच्छा झाली, तेथे उपाय निघाला. आणि जेथे वर नेणे खरोखरच अशक्य असेल, तेथे पायथ्याशी बसावयास सावलीचा बाक, वरील वास्तूची मोठी चित्रे आणि स्पर्शाने समजेल अशी लहान प्रतिकृती ठेवण्यास कोणाची हरकत असावी?

दुसरा आक्षेप असा की, ज्याच्या मनात जिद्द असते त्यास काहीच अशक्य नाही. येथे आपल्या विदर्भातील थोर उदाहरण देतात ते बाबा आमटे यांचे. १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन उभारणारे बाबा पाठीच्या कण्याच्या विकाराने पुढे पुढे बसूही शकत नसत. त्यांना उभे राहावे लागे किंवा आडवे पडावे लागे. अशा स्थितीत सत्तरी उलटल्यावर, १९८५ साली, त्यांनी तरुणांसमवेत कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत भारत जोडो यात्रा काढली. धन्य ती जिद्द! परंतु ही कथा सांगताना एक तपशील आपण विसरतो. तरुण मंडळी सायकलींवर होती आणि बाबा मोटारगाडीत निजून प्रवास करीत होते. गाडीत त्यांच्यासाठी निजावयाची सोय होती. म्हणजे जिद्द बाबांची होती आणि गाडी त्यांच्या शरीरास अनुरूप केलेली होती. दोन्ही मिळून यात्रा झाली. अपंगाने जिद्द दाखवावी हे आम्हांस मान्य आहे. परंतु त्याच्या जिद्दीचे कौतुक करून आपण गाडीची सोय टाळावी, हे मान्य नाही.

आता शेवटचा आणि सर्वांत जवळचा मुद्दा. सरकार, रेल्वे, पुरातत्त्व खाते यांच्याविषयी बोलणे सोपे असते, कारण ती मंडळी या मंडपात नाहीत. आपले समाजभवन मात्र आपले आहे. त्याच्या दाराशी पाच पायऱ्या आहेत. तेथेच आपला वधूवर परिचय मेळावा भरतो, तेथेच गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, तेथेच लग्ने लागतात. ज्या घरात पायाने अधू मुलगी आहे, ते घर मेळाव्यास येत नाही. चौघांनी खुर्ची उचलून मुलीस पायऱ्या चढवाव्यात आणि सर्वांनी वळून पाहावे, हे कोणत्या आईबापास सोसेल? ती मुलगी नाकारली गेली असे आपण म्हणू शकत नाही. कारण ती तेथवर पोहोचलीच नाही. पाच पायऱ्यांनी एका आयुष्याचा निकाल विचारपूस न करता लावून टाकला.

याचा उपाय गणिताचा आहे आणि गणित चौथीच्या मुलासही येईल एवढे सोपे आहे. उताराचा मान्य नियम असा की, एक इंच उंचीस किमान बारा इंच लांबी द्यावी. आपली प्रत्येक पायरी सहा इंच उंच धरली, तर पाच पायऱ्यांची उंची तीस इंच. तीस गुणिले बारा, म्हणजे तीनशे साठ इंच; म्हणजेच तीस फूट. भवनाच्या पूर्वेकडील भिंतीलगत एवढी जागा मोकळी पडलेली आहे. आम्ही ती स्वतः टेपाने मोजली आहे. उताराची रुंदी चार फूट असावी, दोन्ही बाजूंस धरावयास कठडा असावा, फरशी खडबडीत असावी आणि वर दारापाशी पाच फूट लांबरुंद सपाट जागा असावी, कारण चाकांची खुर्ची वळावयास तेवढी जागा लागते. एक स्वच्छतागृह तळमजल्यावर असावे. त्याचे दार तीन फूट रुंद असून बाहेर उघडावे, आणि आत आधाराचा दांडा असावा. कोषाध्यक्ष महाशय खर्चाचे विचारतील, आणि त्यांनी विचारलेच पाहिजे. आमचे उत्तर असे की, विटा, मुरूम आणि सिमेंट यांचे हे काम आहे. दरवर्षी मंडपावर व रोषणाईवर जो खर्च होतो, त्यात एका वर्षी काटकसर करून पाहावी.

आणि हा उतार केवळ अपंगांचा राहणार नाही. अमेरिकेत कॅलामाझू नावाच्या गावी १९४५ च्या सुमारास महायुद्धातून जखमी होऊन परतलेल्या सैनिकांसाठी पदपथाच्या कडा उतरत्या केल्या गेल्या. पुढे ही पद्धत जगभर पसरली, आणि आज लहान मुलांच्या ढकलगाड्यांपासून सामानाच्या गाड्यांपर्यंत सर्व काही त्याच उतारावरून जाते. आपल्याकडेही तसेच होईल. गुडघे धरलेल्या आजीबाई त्यावरून येतील, गरोदर सुना येतील आणि लग्नाच्या स्वयंपाकाची मोठमोठी पातेली आचारीही त्यावरूनच नेतील. आज ज्यांचे पाय भक्कम आहेत, त्यांनाही वय सोडणार नाही. तेव्हा हा उतार आपण दुसऱ्यासाठी बांधत आहोत, असे समजण्याचे कारण नाही.

सारांश, आमची मंडळास तीन विनंत्या आहेत. पहिली, पुढील वधूवर मेळाव्यापूर्वी भवनास उतार व कठडा व्हावा. दुसरी, मंडळाची सहल किंवा नवरात्रातील मोहाडीची यात्रा ठरेल, तेव्हा स्थळ, वाहन व मुक्काम ठरविण्याआधी अपंग बांधवांस विचारावे, ठरल्यानंतर नव्हे. तिसरी, कार्यकर्त्यांनी गावोगाव घरी बसलेल्या अशा मंडळींची यादी करावी. त्यांची प्रमाणपत्रे व ओळखपत्रे झाली आहेत की नाहीत ते पाहावे आणि नसतील तर त्यांच्याबरोबर कचेरीत जावे. प्रमाणपत्र देणारी खोली वरच्या मजल्यावर असल्याचा अनुभव एका गावी आम्हांस आला आहे; अशा वेळी चार धडधाकट माणसांनी साहेबांस नम्रपणे खाली बोलवावे. साहेबांचे पाय शाबूत असतात.

आम्ही कोणाची दया मागावयास उभे राहिलो नाही. आपल्या जिल्ह्याचे घाट, गड, अरण्ये आणि देवस्थाने जशी तुमची, तशी आमचीही आहेत. ती आम्हांस पाहावयाची आहेत आणि चपला यापुढे आळीपाळीने सांभाळावयाच्या आहेत. या विनंत्यांवर मंडळाने आजच्याच सभेत ठराव करावा, अशी अध्यक्षमहाराजांस प्रार्थना करून आम्ही आपले भाषण पुरे करतो.